संस्था चालवायला कुठे शिकतात?

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. नाव मोठं आहे, पण प्रत्यक्षात दोन सतरंज्या, चौदा खुर्च्या आणि नऊ माणसं. गणपूर्ती होत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब केली आणि मग त्याच जागी, त्याच नऊ माणसांत पुन्हा सुरू केली. घटनेत तशी सोयच आहे. माझ्याशेजारी बसलेल्या मुलीला हे पाहून हसू आवरेना. तिनं लहानपणी आमच्याच अभ्यासिकेत दहावीचा अभ्यास केला. आता नोकरी करते, आणि पुढच्या वर्षापासून सचिवपद तिनं घ्यावं असं मी तिच्या मागे लागले आहे. सभा संपल्यावर कपाटातल्या फाइली दाखवायला घेतल्या तर म्हणाली, "बाई, हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?"

मी गप्पच झाले. खरं उत्तर 'चुका करून' असं होतं.

अभ्यासिका द्वारका चौकापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहे. नाशिककरांना द्वारका म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता तिथे एकमेकांना भेटतात, डोक्यावरून उड्डाणपूल जाऊन दहा वर्षांच्या वर झाली, तरी खालची गर्दी आहे तशीच आहे. या गलबल्यातल्या एक-दोन खोल्यांच्या घरांमधल्या मुलांना शांत बसून वाचायला जागा हवी म्हणून एका निवृत्त सरांनी ती सुरू केली. नोंदणी, जागा, देणग्या सगळं सरांनी एकट्यानं केलं. आम्ही 'कार्यकारिणी' होतो, म्हणजे सर सांगतील तिथे सही करत होतो. सर गेले आणि मग कळलं की अनेक वर्षांत विश्वस्त बदलल्याची नोंदच कुठे झालेली नाही. धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी जे विश्वस्त होते त्यातले तिघे हयात नव्हते. बँकेनं नव्या सह्या घ्यायला नकार दिला, आणि तिचं काही चुकलंही नाही. खात्यात पैसे असून सात महिने लाइट बिल आम्ही वर्गणी काढून भरलं. परीक्षेच्या तोंडावर अभ्यासिका बंद ठेवायची पाळी येते की काय, अशी अवस्था होती.

बदल अर्ज नावाची एक गोष्ट असते, आणि विश्वस्त बदलल्यापासून नव्वद दिवसांत तो करायचा असतो, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. कॅटलॉगात एका मुलाची हजेरी चुकली तर मला झोप यायची नाही. पण ज्या संस्थेच्या कागदांवर मी सही करत होते त्यांत काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नव्हतं. दोष सरांचा नाही, आम्हां सगळ्यांचा.

तर त्या मुलीच्या प्रश्नामुळे मी जुनी चरित्रं पुन्हा काढून बसले. आपला महाराष्ट्र संस्थांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. मग ही संस्था चालवायची विद्या आपल्याकडे आली कुठून, आणि कोणी कोणाला शिकवली?

पूर्वी देवळं होती, धर्मशाळा होत्या, अन्नछत्रं होती. पण ती चालवणारे एका घराण्यातले किंवा राजाने नेमलेले. अनोळखी माणसांनी एकत्र यायचं, वर्गणी भरायची, आपल्यातूनच चिटणीस निवडायचा आणि वर्षाकाठी त्याला हिशेब विचारायचा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्रजांबरोबर आली. मुंबईत १८२२ साली शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी सोसायटी निघाली तेव्हा सदाशिव काशीनाथ छत्रे तिचे देशी चिटणीस झाले. इंग्रज आणि देशी मंडळी एका टेबलाशी बसून ठराव करत. माझ्या मते आपल्या लोकांची पहिली शाळा हीच. १८६० साली संस्था नोंदणीचा कायदा आला. सात माणसं असली की संस्था होते, हा नियम तेव्हापासूनचा.

पुण्याच्या सार्वजनिक सभेची गोष्ट मला फार आवडते. ती स्थापन झाली १८७० साली, आणि निमित्त काय, तर पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार! पंच नीट कारभार करत नाहीत अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे आपल्याकडची एवढी गाजलेली राजकीय संस्था जन्मली ती विश्वस्तांच्या गैरकारभारावरच्या चर्चेतून. त्यातून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी एक नियम घातला: सभासद व्हायचं असेल तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीलाच पंचाण्णव सभासद सहा हजारांवर लोकांच्या सह्या घेऊन आले. आज आमच्या सभेला नऊ माणसं जमतात, तेव्हा हा आकडा आठवून मला लाज वाटते. पन्नास दारं हिंडून सही मागताना त्या सभासदाला पन्नास वेळा सांगावं लागलं असेल की ही सभा काय आहे आणि कशासाठी आहे. काकांनी नियम केला, पण तो करताना माणसंच तयार केली.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पहिले अध्यक्ष आणि खजिनदार ते स्वतःच, चिटणीस नारायणराव कडलक. पुढे त्यांनी समाजाचा रिपोर्ट छापून काढला. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लेखणीच येऊ दिली नव्हती त्या समाजातल्या माणसांनी सभा भरवायच्या, नोंदी ठेवायच्या आणि अहवाल छापायचा, ही साधी गोष्ट नव्हती.

याच सार्वजनिक सभेत गोखले तयार झाले. १८८७ साली एकवीस वर्षांच्या गोपाळरावांकडे सभेच्या त्रैमासिकाचं काम आलं आणि न्यायमूर्ती रानडे त्यांचे गुरू झाले. सरकारी अहवाल, आकडे, अर्ज, निवेदनं हे सगळं वाचायचं, त्यातून टिपण करायचं, ते रानड्यांना दाखवायचं, आणि त्यांनी नापसंत केलं की पुन्हा लिहायचं. वर्षानुवर्षं. पुढे १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली. या पाच वर्षांत अभ्यास करायचा, देश हिंडायचा आणि हाताखाली काम करायचं. मला वाटतं, आपल्याला जे रानड्यांकडे बसून मिळालं ते इतरांनाही मिळावं म्हणून त्यांनी ही व्यवस्था केली असणार. पाच वर्षं! आपण मात्र सचिवाला किल्ल्या देतो आणि म्हणतो, बघा आता तुम्हीच.

पण संस्था चालवणं म्हणजे फक्त लिहिणं-वाचणं नाही, भांडणंही आहेत. हे चरित्रांत सविस्तर येतं आणि सत्काराच्या भाषणांत कधीच येत नाही. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली पस्तीस मुलांवर सुरू झालं. चिपळूणकर, टिळक, नामजोशी आणि मागोमाग आगरकर. त्यांतले नामजोशी हे खटपटी गृहस्थ, संस्थानिकांकडून देणग्या मिळवण्यात त्यांचा हातखंडा. आज कुणाला त्यांचं नाव आठवत नाही, पण प्रत्येक संस्थेला एक नामजोशी लागतो. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदांनी वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर काम करायचं ठरलं. सगळे ध्येयवादी, सगळे विद्वान. आणि वाद कशावरून झाले? पगार वाढवावा का, आणि आजीव सभासदानं बाहेरचं काम करून पैसे मिळवावे का, यावरून. टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ संस्थेचा. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, त्यालाही टिळकांची हरकत होती. शेवटी १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला.

पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, सार्वजनिक सभेच्या व्यवस्थापक मंडळात टिळकांच्या बाजूचं बहुमत झालं. रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. एवढी मोठी माणसं, पण मतं मोजायची वेळ आली की तेही तुमच्या-आमच्यासारखेच. मी काही टिळकांची बाजू घेत नाही आणि गोखल्यांचीही नाही. मला एवढंच दिसतं की 'बाहेरचं काम करावं की नाही' हा मुद्दा पहिल्याच दिवशी नियमांत स्पष्ट लिहिला असता तर कदाचित काही कटुता टळली असती. घटना लिहिताना आपण सगळे एकमेकांचे मित्र असतो, म्हणून अवघड प्रश्न विचारतच नाही. (आमच्या सोसायटीच्या पार्किंगचंही असंच झालं, पण तो विषय वेगळा.)

टिळक गेले आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला माणूस उरला नाही. ती जागा भरायला गोखल्यांच्या बोलावण्यावरून मुंबईहून आले धोंडो केशव कर्वे. साल १८९१. एका संस्थेतलं भांडण असं दुसऱ्या संस्थेच्या उपयोगी पडलं.

अण्णा कर्वे बोलायला बुजरे, दिसायला साधे. पुढारीपणाचं एकही लक्षण नाही. पण त्यांनी तरुणपणीच आपल्या गावासाठी मुरूड फंड काढून वर्गणी गोळा करायची सवय लावून घेतली होती. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्याच वर्षाअखेर विधवाविवाहासाठी मंडळी स्थापन झाली. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी. अध्यक्ष कोण, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. ही निवड विचार करण्यासारखी आहे. पुनर्विवाह केलेल्या माणसावर समाजाचा रोष होता, त्याच्या हातात लोक पैसे का देतील? पण भांडारकरांसारखा पंडित डोक्यावर असला की देणाऱ्याचा हात थोडा सैल होतो. अण्णांचं स्वतःचं काम चिटणीसाचं. सुट्टी लागली की गावोगाव हिंडायचं, चार आणे मिळोत की चार रुपये, पावती द्यायची. त्यांच्या चोख हिशेबाबद्दल विरोधकांनाही शंका नसे.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. तिथे एक साधी झोपडी बांधली. अण्णा दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला जायचे. ही चित्रं आपण शाळेत मुलांना सांगितलेली आहेत, मीही अनेक वर्षं सांगितली.

पण एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. अण्णांनी आपला पाच हजारांचा आयुर्विमाही आश्रमाला देऊन टाकला. आनंदीबाईंना ते मुळीच पटलं नाही. घरात लहान मुलं, मागे काही शिल्लक नाही. पुरुषांनी लिहिलेल्या चरित्रांत हा त्याग म्हणून येतो. मला वयाच्या या टप्प्यावर आनंदीबाईंचंच बरोबर वाटतं. संस्थेची तिजोरी आणि घरची तिजोरी वेगळी ठेवावी हा नियम दोन्ही बाजूंनी लागू असतो. संस्थेचे पैसे घरी आणू नयेत हे सगळे सांगतात. घरचे पैसे असे संस्थेत ओतू नयेत हे कुणी सांगत नाही. आमच्या सरांनीही तेच केलं होतं. भाडं कमी पडलं की पेन्शनमधून भरायचे, आणि ते वहीत कुठे लिहायचे नाहीत. त्यांच्या मागे ताळेबंद जुळवताना आमच्या ऑडिटरनं कपाळाला हात लावला.

अण्णांचं मोठेपण मला वेगळ्या ठिकाणी दिसतं. त्यांनी माणसं तयार केली. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले तरुणपणीच विधवा झालेल्या, पदरात एक मुलगा, देवरुखहून पुण्याला आलेल्या. पंचविशी उलटल्यावर त्या शिकायला लागल्या. पुढे आश्रमाच्या कामात पडल्या आणि देणग्या मागत गावोगाव फिरू लागल्या. विचार करा, त्या काळी एका विधवा बाईनं परक्या गावी उतरायचं, चार प्रतिष्ठितांना भेटायचं, सभेत उभं राहून बोलायचं आणि पैसे मागायचे! १९१८ साली, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या अमेरिकेला गेल्या. भाषा शिकावी आणि संस्थेसाठी निधीही मिळवावा म्हणून. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केलं. १९२० मध्ये परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ चं. माझी भाची न्यू जर्सीला असते, तिला मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मावशी, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत यायलासुद्धा कुणी तयार नसतं गं."

१९०८ साली अण्णांनी निष्काम कर्म मठ काढला. नावावरून धार्मिक वाटतो, पण हेतू संस्थांना वाहून घेणारे कार्यकर्ते घडवण्याचा होता. म्हणजे अजून स्वतः धडधाकट असताना, पन्नाशीतच, त्यांनी 'आपल्यानंतर कोण' याची सोय करायला घेतली. म्हणूनच १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते महिला विद्यापीठाचं नवं काम उभं करायला मोकळे झाले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी आणखी एक मंडळ काढलं. जुन्या संस्था दुसऱ्यांच्या हाती सोपवता आल्या नसत्या तर त्यांचं सगळं आयुष्य हिंगण्यालाच गेलं असतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांची शिकवणी आणखी निराळी. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन करण्याआधी त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत मुलूख पायाखाली घातला होता. शेतकऱ्याला नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याला शिक्षणही पटवून देऊ शकतो. मूठ-मूठ धान्य गोळा करून वसतिगृहातली मुलं जेवली, आणि लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं. इथे पुन्हा घरचीच तिजोरी, पुन्हा बाईच. आपल्या नाशिकला १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज सुरू झाला तोही बोर्डिंगपासून, रावसाहेब थोरातांसारख्या मंडळींच्या खटपटीतून. आज जिल्हाभर त्याच्या शाळा-कॉलेजं आहेत, आणि निवडणूक आली की विधानसभेच्या वर चर्चा होते. कुणी नाकं मुरडतात. पण सभासदांना मत आहे आणि ते मत मागायला उमेदवाराला दारात यावं लागतं, हे काकांच्या पन्नास सह्यांशी कुठेतरी नातं सांगणारंच आहे.

या विद्येचं रीतसर शिक्षण मात्र फार उशिरा आलं. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावे समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९६३ साली पुण्यात कर्व्यांच्या नावे समाजसेवा संस्था झाली. मधल्या काळात, १९५० साली, सार्वजनिक विश्वस्त कायदा आला आणि हिशेब, ऑडिट, विश्वस्तांची नोंद हे सगळं बंधनकारक झालं. पूर्वी हे चिटणीसाच्या सचोटीवर असायचं. कायद्याच्या नावातल्या 'मुंबई'चा आता 'महाराष्ट्र' झाला आहे. लोक या कायद्याला कटकट म्हणतात. मीही म्हणत होते. पण पर्वतीच्या पंचांना हिशेब विचारायला पुणेकरांना अख्खी सभा काढावी लागली, आणि आज आमच्या अभ्यासिकेतल्या कुणाही मुलाचे वडील आमचा हिशेब मागू शकतात.

असो. त्या मुलीला मी पाच वर्षांची उमेदवारी काही देऊ शकत नाही; माझं वय पाहता मलाच तेवढी मुदत मिळेल की नाही कोण जाणे. पण एक वर्ष आम्ही दोघींनी ठरवलं आहे. दर दुसऱ्या शनिवारी ती येते. पहिल्या शनिवारी तिला प्रोसिडिंग बुक दाखवलं. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे म्हणजे काय, ठरावाला सूचक आणि अनुमोदक का लागतात, खाडाखोड झाली तर तिथे सही का करायची. दुसऱ्या शनिवारी पावतीपुस्तकं. रद्द झालेली पावती फाडून टाकायची नाही, 'रद्द' लिहून तशीच पुस्तकात ठेवायची, हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे अन्‌डू नाही!" मला शब्द कळला नाही, तिनं समजावून सांगितल्यावर पटला.

तिसऱ्या शनिवारी तिनं मला शिकवलं. सगळ्या फाइलींचे फोटो काढून तिनं ते कुठेतरी ठेवले आहेत, तिथे आम्हां पाचही जणांना ते उघडता येतात. नोंदणीचा दाखला, घटना, मागच्या बदल अर्जाची पोच, सगळं. सरांच्या हस्ताक्षरातलं पहिल्या सभेचं पानही त्यात आहे. उपस्थित सात. त्यातली मी पाचवी.

पुढचा शनिवार बँकेचा. सह्यांचे नमुने बदलायचे आहेत. या वेळी ठराव आधीच करून ठेवला आहे आणि बदल अर्जही तयार आहे. नव्वदपैकी अजून अठ्ठावन्न दिवस शिल्लक आहेत.